शेकाट्याचा डोळा आणि एकादशीची भरती

या महिन्याची बहुतेक पत्रं खाडीच्या चिखलातूनच आलेली दिसतात. कोपरी, कळवा, ऐरोली, सीवूड्स; पक्षी वेगळे, कॅमेरे वेगळे, तक्रार मात्र एकच, की फोटो शार्प येत नाही. मी नेरूळला राहते, ही खाडी माझ्या रोजच्या पायाखालची. म्हणून यावेळी बाकीचे विषय पुढच्या अंकाकडे सरकवले आणि सगळी जागा पाणथळीतल्या लांब पायांच्या पक्ष्यांना दिली. तुमचा प्रश्न खाली असला तरी पहिली दोन उत्तरं आधी वाचा. पुढची उत्तरं त्यांच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : ताई, दिवाळीत १५०-६००ची लेन्स घेतली. ऐरोलीच्या आणि वाशीच्या किनाऱ्यावरून सकाळी दहा-साडेदहाला काढलेले, लांब लाल पायांच्या शेकाट्यांचे फोटो मऊ येतात. पिसांचा तपशील नावालाही नाही. शटर १/१६०० सेकंद होतं, कॅमेरा ट्रायपॉडवर होता. दुकानात लेन्स तपासून घेतली, ते म्हणतात दोष नाही. मग दोष कुठे आहे? (कोपरी, ठाणे पूर्व)

दोष हवेत आहे. तुम्ही पाठवलेले सलग सहा फोटो मी एकापाठोपाठ एक लावून पाहिले. पहिल्यात शेकाट्याची चोच किंचित वाकडी, दुसऱ्यात सरळ, चौथ्यात तिला दुहेरी कडा. पक्षी जागचा हललेला नाही. तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर चढत असते, तिच्या शेजारची हवा थंड असते, आणि या दोन्हींतून येताना प्रकाश वेगवेगळा वळतो. डोळ्याला ते थोडंसं लवलवताना दिसतं, ६०० मिलिमीटरची लेन्स तेच कितीतरी मोठं करून दाखवते. यावर महाग लेन्स हा उपाय नाही. ती हवेची थरथर आणखी स्वच्छ टिपेल, एवढंच.

फोटो का बिघडला हे फोटोलाच विचारायची सवय लावून घ्या. कॅमेरा किंवा पक्षी हलला असेल तर पुसटपणाला दिशा असते; डोळ्यातला चमकता ठिपका रेघेसारखा लांबट होतो. फोकस चुकला असेल तर चित्रात दुसरं काहीतरी नक्की शार्प असतं. आपल्या खाडीत ते बहुतेक वेळा पक्ष्यापुढचं तिवराचं श्वसनमूळ असतं. चिखलातून उभ्या राहिलेल्या त्या काड्यांवर कॅमेऱ्याचा फोकस चटकन अडकतो. आणि हवेचा दोष असेल तर काहीच शार्प नसतं, शिवाय प्रत्येक फोटोतली खराबी निराळी असते. तुमच्याकडे हेच झालंय.

लेन्सबद्दलची शंका घरीच मिटवा. सकाळी सातच्या आत सोसायटीच्या आवारात दहा-बारा मीटरवर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फोटो काढा. बारीक टाइप वाचता आला तर लेन्स निर्दोष. टायमर नको वाटला तर रिमोट वापरा, पण या चाचणीत बटणाला बोट लावू नका.

आता अंतराचा हिशेब. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. वूड सँडपायपर साधारण २० सेंटिमीटरचा पक्षी. तो ६० मीटरवर असेल तर ६०० मिलिमीटर लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते जेमतेम २ मिलिमीटर. क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची, रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंतचा अख्खा पक्षी सुमारे ५०० पिक्सेलमध्ये बसतो. त्यातून पिसांच्या कडा कुठून येणार? तोच पक्षी १५ मीटरवर आला की प्रतिमा चौपट मोठी, ८ मिलिमीटरची होते, शिवाय मधली थरथरणारी हवाही पाऊणपट कमी झालेली असते. अंतर कमी झालं की दोन्हीकडून फायदा होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत डोकं घालण्याआधी माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो : पक्षी किती लांब होता, आणि वाजले किती होते?

थंडीच्या दिवसांतही साडेआठ-नऊनंतर चिखलावरून लांबचे फोटो काढण्यात अर्थ उरत नाही. ढगाळ दिवशी थोडी सवलत मिळते. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी बंद करा आणि काचा आधीच उतरवून ठेवा. आतल्या गार हवेचा आणि बाहेरच्या उष्ण हवेचा संगम नेमका लेन्सपुढेच होतो, आणि तीच थरथर तुम्ही घरून घेऊन आल्यासारखं होतं.

प्रश्न : नमस्कार ताई. मी दर रविवारी टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या तळ्यावर जाते. एखाद्या रविवारी शेकडो पक्षी अगदी समोर असतात, पुढच्या रविवारी सगळं रिकामं. करावे गावातले एक काका म्हणाले, ‘तिथी बघून या.’ म्हणजे नेमकं काय बघायचं? (सीवूड्स, नवी मुंबई)

काकांनी तुम्हाला अख्खी गुरुकिल्लीच दिली आहे. खाडीतले पक्षी रविवार पाळत नाहीत, ते पाणी पाळतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यातले किडे, बारीक खेकडे, शिंपले खायला पक्षी दूरवर पांगतात. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि खाता खाताच ते किनाऱ्याकडे ढकलले जातात. सगळा चिखल बुडाला की विसावायला उथळ, सुरक्षित जागा शोधतात. तुमचं तळं ही तशीच जागा. फ्लेमिंगोही त्याच वेळी खाडीतून तळ्यावर येतात.

भरतीची वेळ काढायचं कोळीवाड्यांतलं जुनं गणित असं : तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसात दोन भरत्या येतात, त्यामुळे पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन, दोन्ही धरा. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. हे गणित ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत ऐरोली-ठाण्याकडे पाणी आणखी उशिरा चढतं. अचूक वेळ हवी तर मुंबईचा भरतीचा तक्ता पाहा. पण ‘पुढच्या महिन्यात सुट्टी कधी टाकू’ याचा निर्णय घरातल्या कॅलेंडरवरूनच होतो.

आता यात उजेड मिसळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी भरपूर चढतं, पण भरती येते भर दुपारी. डोक्यावरचं ऊन, पक्ष्याच्या डोळ्यावर सावली, आणि वर सांगितलेली तापलेली हवा. सकाळी सहाला जावं तर पूर्ण ओहोटी, पक्षी क्षितिजाला चिकटलेले. अष्टमी-नवमीला भरती सकाळी सहा-सातला येते, उजेडही कोवळा असतो, पण तो भांगाचा काळ. पाणी अर्धवट चढतं, चिखल पुरता बुडत नाही, मग पक्ष्यांना तुमच्या तळ्यावर यायची गरजच पडत नाही. या दोन्हींच्या मधले दिवस सोन्याचे. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. शुद्ध पक्षातली असो वा वद्य पक्षातली, भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या आसपास येते आणि पाणी उधाणाकडे वाढत असतं. उजाडताना जाऊन बसा. पुढचे दोन-अडीच तास पक्षी स्वतःच जवळ येत राहतील.

मोकळ्या चिखलाच्या किनाऱ्यावर बसायचं असेल तर दशमीही चालते. तिथे जागा निवडताना चिखलाचा कुठला भाग सर्वांत शेवटी बुडतो ते एखाद्या दिवशी नुसतं पाहून ठेवा. पाणी चढायच्या आधी त्या टोकासमोर बांधावर बसा. उठू नका, हात हलवू नका, आणि पक्ष्याच्या दिशेने चालत तर मुळीच जाऊ नका. तुतवार हा छोटा पक्षी पाण्याच्या कडेकडेने टिपत टिपत येतो. तुम्ही त्याच्या आधीपासून तिथे असाल तर तो तुम्हाला बांधावरचा दगड समजून दहा मीटरवरून निघून जातो. त्याच्यामागे गेलात तर तीस मीटरवरच पाण्यालगत पंख थरथरवत उडून जाईल, आणि त्याच्या त्या तीन-चार शिट्ट्यांनी आसपासचे सगळे सावध होतील. खाडीच्या चिखलात उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको. मांडीपर्यंत पाय रुततो आणि भरती आपल्यासाठी थांबत नाही.

आणखी एक सोय आपल्या बाजूने आहे. ही खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ तिच्या पूर्व काठावर. सकाळी आपण पश्चिमेला तोंड करून बसतो तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या डोळ्यात उजेड पडतो. समोरच्या भांडुप पंपिंग स्टेशनकडे नेमकं उलट. तिथे संध्याकाळ साधा. चतुर्थी-पंचमीला दुपारची भरती तीन ते चारच्या सुमारास येते, मग ओसरतं पाणी आणि तिरपा उजेड एकदमच मिळतात.

तळ्यांबद्दल एक मनापासून सांगते. भरतीचं पाणी आत-बाहेर करणारे नाले वाहते असतील तोवरच ही तळी पक्ष्यांची आहेत. नाला बुजला की एक तर तळं सुकतं, नाही तर पाणी साचून शेवाळ माजतं. तुम्ही दर आठवड्याला तिथे जाता, तर पक्ष्यांबरोबर नाल्याच्या तोंडाचाही तारखेसह एक फोटो काढत जा. असे फोटो ओळीने समोर ठेवता आले तर बोलायला बळ येतं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे दादाचा जुना क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि ७०-३०० लेन्स आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ८००च्या वर गेलं की दाणे दिसतात, म्हणून मी ४००वरच ठेवतो. मग शटर १/२५० मिळतं. उभा बगळा बरा येतो, पण तुतवार कधीच शार्प येत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा)

दाण्यांची भीती आधी सोड. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा जगातली कुठलीही युक्ती स्थिर करून देत नाही. कॅमेरा मॅन्युअलवर ठेव, शटर आणि ऍपर्चर तू ठरव, आयएसओ ऑटोवर सोड आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० कर. तुझा जुना सेन्सरही तिथपर्यंत चालतो, फक्त उजेड नीट पकड. कमी उजेडात काढून नंतर उजळलेल्या फोटोत दाणे जास्त उठतात.

शटर किती, हे पक्षी सांगतो. राखी बगळा दबा धरून उभा असतो, त्याला १/५०० पुरतं, पण भक्ष्यावर झडप घातली की १/२००० सुद्धा कमी पडेल. शेकाट्या एकेक पाय पाण्याबाहेर उचलून सावकाश चालतो, त्याला १/१००० बरं. तुतवाराचं मागचं अंग सतत वरखाली होत असतं, तो उभा असला तरी स्थिर नसतो, म्हणून १/१६००. चिखल्या याच्या अगदी उलट : चार पावलं तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा पळतो. तो थांबतो त्या क्षणासाठी बोट तयार ठेव. फ्लेमिंगोचं डोकं बराच वेळ पाण्यात उलटं असतं. मान वर येईपर्यंत वाट पाहा, पाण्यात बुडालेल्या डोक्याचे शंभर फोटो काढून कार्ड भरू नकोस. प्रत्येक पक्ष्याची अशी एक लय आहे, ती अर्धा तास नुसती पाहिलीस तर कॅमेरा महाग नसल्याची खंत कमी होईल.

तुझ्या लेन्ससाठी दोन गोष्टी. अशा लेन्स ३०० मिलिमीटरवर पूर्ण उघड्या ठेवल्या तर जरा मऊ असतात, एफ ८ वर आणल्या, म्हणजे भोक थोडं लहान केलं, की सुधारतात. आणि फोकस सलग चालणाऱ्या मोडवर ठेव, म्हणजे एएफ-सी किंवा तुझ्या कॅमेऱ्यात जे नाव असेल ते, सर्व्हो वगैरे. मधला एकच बिंदू निवड आणि तो डोळ्यावर धर. ‘अंगावर कुठेही’ पुरत नाही. ६०० मिलिमीटर लेन्समधून १५ मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो एफ ८ वर घेतला, तर क्रॉप सेन्सरवर पुढून मागे मिळून सुमारे १९ सेंटिमीटर एवढीच खोली शार्प मिळते, वीतभर सुद्धा नाही. गॉडविटसारखा लांब चोचीचा पक्षी तुझ्याकडे तोंड करून असेल तर चोचीचं टोक आणि डोळा दोन्ही त्यात बसतीलच असं नाही. दोन्ही बसत नसतील तर चोच जाऊ दे, डोळा राहू दे. कडेने उभा असेल तेव्हा तोच पक्षी कितीतरी सोपा.

३०० मिलिमीटरला पक्षी आणखी जवळ हवा, साधारण सात-आठ मीटरवर. त्यासाठी खाडीच्या आधी तलावपाळीला जा. काठावरचा वंचक हा भुरकट बगळा माणसांना सरावलेला असतो, दगडावर तासन्‌तास बसतो आणि मासा दिसला की मान सुईसारखी पुढे काढतो. त्याच्यावर हात बसला की मग तुतवार.

प्रश्न : ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला सहकुटुंब गेलो होतो. मुलं खूश झाली. माझे फोटो मात्र एकूण एक हललेले. ट्रायपॉड न्यावा का? (मुलुंड)

नाही. बोटीत ट्रायपॉड ठेवला की इंजिनाची सगळी थरथर त्याच्या पायांतून कॅमेऱ्यात चढते. लेन्स बोटीच्या काठावर टेकवली तरी तेच. बोटीत तुमचं शरीरच उत्तम गादी आहे : बसा, पाठ टेकू नका, कोपरं बरगड्यांशी घ्या आणि कॅमेरा हातात धरा. शटर १/२००० च्या खाली नको, लेन्समधलं स्थिरीकरण चालू ठेवा.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या फेऱ्या भरती पाहून ठरतात, तेव्हा आगाऊ नोंदणी करतानाच सकाळची फेरी मिळते का ते विचारा. चालकदादांना निघायच्या आधी सांगून ठेवा, की थव्याजवळ जायची घाई नाही, थोडं अलीकडे इंजिन बंद करून बोट वाहू दिली तर बरं. त्यांना पक्ष्यांची आपल्याहून जास्त माहिती असते आणि अशी विनंती केली की ते मनापासून साथ देतात. इंजिन बंद झाल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं सर्वांत चांगली. तेव्हा मुलांना दुर्बीण द्या आणि तुम्ही कॅमेरा उचला.

प्रश्न : माझा मोठा बगळा नेहमी पांढऱ्या कापडासारखा दिसतो, पिसंच नाहीत. फोकस चुकतोय का? (घणसोली)

फोकस बरोबर आहे, उजेड जास्त झालाय. पांढरा रंग जळला की पिसांच्या मधल्या करड्या रेषा नाहीशा होतात आणि डोळ्याला वाटतं फोटो शार्प नाही. मागे तिवराचं गडद हिरवं झाड असेल तर कॅमेरा त्या अंधाराला भुलून सगळंच उजळतो. तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा, पडद्यावर जळलेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय चालू करा आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. बगळ्याची पाठ लुकलुकायची थांबली म्हणजे बरोबर. मोर शराटीसारखा गडद पक्षी आकाशापुढे असेल तेव्हा याच्या उलट, एक स्टॉप वाढवा. छोटा बगळा मिळाला तर त्याचे पाय जरूर टिपा : काळे पाय आणि पिवळी बोटं. तो एक पाय चिखलात थरथरवून मासोळ्या उठवतो, तेव्हा ती पिवळी बोटं क्षणभर पाण्याबाहेर येतात.

प्रश्न : मॅडम, माझं वय ६८. तुम्ही मागे लिहिलं होतं की फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्यावा. गुडघे वाकत नाहीत, चिखलात पालथं पडणं शक्य नाही. यावर काही उपाय? (पाचपाखाडी, ठाणे)

काका, पालथं पडायची काहीच गरज नाही. कॅमेरा खाली गेला म्हणजे झालं, तुम्ही नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा बाहेर वळतो असं पत्रावरून दिसतं. घडीच्या बुटक्या स्टुलावर बसा, कॅमेरा पावलांशेजारी बांधावर ठेवा आणि पडदा वर वळवून वरून पाहा. खाली आधाराला पिशवी हवी : जुन्या जीन्सचा एक पाय कापून खालून शिवा, त्यात दोन-अडीच किलो चवळी भरा आणि वरून गाठ मारा. लेन्स तिच्यात रुतून बसते, मानेला आणि हाताला भार नाही. दमट दिवसांत चवळीला कीड लागते, म्हणून घरी आल्यावर ती पसरून ठेवा.

खालून घेतलेला फोटो नुसता सुंदर दिसतो असं नाही, शार्पही वाटतो. वरून घेतलं की पक्ष्याच्या पायाखालचा चिखल त्याच्या इतकाच स्पष्ट येतो आणि नजर दोघांत फिरते. खालून घेतलं की मागचा चिखल दूर जाऊन विरघळतो आणि शेकाट्याचा लाल डोळा एकटाच उठून दिसतो. नराच्या त्या डोळ्यात सकाळचा सूर्य बारीक पांढऱ्या टिंबासारखा दिसू लागला, की फोटो साधला समजा.

पाम बीच मार्गावर गाडी कडेला लावून फोटो काढण्याचा मोह मात्र टाळा. वाहनांचा वेग फार असतो.

प्रश्न : पुसट फोटो शार्प करणारी नवी सॉफ्टवेअर वापरावीत का? (डोंबिवली)

थोडी धार वाढवायला हरकत नाही, चित्र मुळात चांगलं असेल तर. पण तपशील ‘तयार’ करणाऱ्या सोयीपासून लांब राहा. ती सोय तिथे नसलेली पिसं काढून देते. वूड सँडपायपर आणि ग्रीन सँडपायपर यांच्यातला फरक पाठीवरच्या ठिपक्यांत आणि भुवईच्या पांढऱ्या रेघेत आहे. तेच कल्पनेने भरलं तर ओळख चुकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पायातलं कडं किंवा रंगीत पट्टी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालतात, त्यावरची अक्षरं वाचता आली तर तो पक्षी कुठून कुठे आला ते समजतं. असा पक्षी मिळाला तर फोटोवर काहीही संस्कार न करता मूळ फाइल जपून ठेवा, तारीख आणि जागा लिहा आणि त्यांना कळवा. त्यासाठी शार्प फोटो हवा, सजवलेला नको.

प्रश्न : उडत्या फ्लेमिंगोंचा शार्प फोटो हवा आहे. काही जण टाळ्या वाजवून, दगड मारून थवा उठवतात. तसं न करता उडते पक्षी कसे मिळतील? (ऐरोली)

तुम्ही ‘तसं न करता’ असं विचारलंत, याचं फार बरं वाटलं. इथे येणारे बरेच छोटे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते, आणि खायला मिळतो तो फक्त ओहोटीचा वेळ. आपल्या एका टाळीत त्यातला किती वेळ जातो याचा विचार करा. शिवाय दचकून उडालेला थवा तुमच्याकडे पाठ करूनच जातो. फोटोत सगळ्यांच्या शेपट्या येतात.

थवा भरतीबरोबर आपणहून उठणारच असतो. पाणी पोटाला लागू लागलं की फ्लेमिंगो मान उंचावतात, एकमेकांकडे पाहून आवाज करतात, सगळे एकाच दिशेला तोंड करतात. हे दिसलं की तयार राहा. त्यांना उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं, तेवढ्या वेळात फोकस पकडता येतो.

दिशाही आधीच ओळखता येते. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी वारा जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून येतो, दुपारनंतर समुद्राकडून. त्यामुळे ऐरोली-नेरूळच्या काठावर सकाळी सूर्यही तुमच्या पाठीशी असतो आणि वाराही, आणि उठणारा थवा तुमच्या दिशेने तोंड करून धावत येतो. दुपारी चारला तिथेच बसलात तर बरेचसे पक्षी पाठमोरे मिळतील.

शटर १/२५००, ऍपर्चर एफ ८, फोकस सलग, बिंदूंचा छोटा गट. थव्यातला एकच पक्षी निवडा, शक्यतो पुढच्या रांगेतला, आणि तो बाहेर जाईपर्यंत कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत राहा. फिरवणं कमरेतून हवं, नुसत्या हातांनी झटके बसतात.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आहे. अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. आणि हद्दीच्या आत असो वा बाहेरच्या तळ्यावर, थव्यावर दगड उचलणारा कोणी दिसला तर आधी शांतपणे समजावा; ऐकलं नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जागा नेमकी सांगा.